उसवता येईल असं शिवा: रोजच्या किमोनोबद्दल

प्रश्न थोडक्यात असा होता: "नवऱ्याच्या नोकरीमुळे वर्षापूर्वी नागोयाला आलो. शेजारच्या आजींनी त्यांचे तीन जुने किमोनो मला दिले. घरात, बाजारहाट करताना, रोज नेसता येतील का? एक स्वतः शिवावा असंही मनात आहे. माझ्याकडे मशीन आहे, ब्लाऊज शिवता येतो. तरी सगळे म्हणतात किमोनो हातानेच शिवायचा. का? आणि किती दिवस लागतील?"

आधी सरळ उत्तरं देते. रोज नेसता येतो. मी १६ वर्षं क्योतोत आहे आणि आठवड्यातले चार दिवस तरी किमोनोत असते. त्यात भाजी आणणं येतं, बँकेत जाणं येतं, पोळ्या लाटणंही येतं. शिवायला पहिल्या खेपेला दोन-अडीच महिने धरा, रोज तासभर बसलात तर. सराईत हात साधा युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, एका दिवसात उरकतो, पण ते बघून खचू नका. आणि ब्लाऊज शिवता येतो याचा जितका उपयोग होईल तितकाच त्रासही होईल. का, ते पुढे येईल.

तुम्ही 'घालता' न म्हणता 'नेसता' लिहिलंत ते बरं वाटलं. किमोनोला बटण नाही, हूक नाही, शिवलेली नाडी नाही. अंगाभोवती गुंडाळायचा, जास्तीची उंची कमरेशी दुमडायची आणि बांधून टाकायचा. याला आपल्याकडे नेसणंच म्हणतात.

आता 'हातानेच का'. याचं उत्तर मला कुणी सांगितलं नाही, दाखवलं. शिकायला जाऊ लागले त्या पहिल्याच महिन्यात माझ्या सेन्सेईंनी, म्हणजे शिवणाच्या बाईंनी, एक जुना निळा किमोनो मांडीवर घेतला, एका टोकाचा टाका कात्रीने तोडला आणि दोरा ओढला. हातभर शिवण एका ओढीत सुटली. मग दुसरी, मग तिसरी. अस्तर वेगळं निघालं. तासाभरात समोर कापडाचे आठ तुकडे पडले होते: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या पाळ्यांना जोडायचे दोन अरुंद पट्टे, गळपट्टी आणि गळपट्टीवरची जादा पट्टी. सगळेच्या सगळे लांबट आयत. कुठे मुंढ्याचा गोल नाही, टक्स नाही, कळी नाही. अंगाचा तुकडा खांद्यावरून सरळ पाठीवर जातो, म्हणून खांद्याला शिवणसुद्धा नाही. गळ्याशी तेवढी एक चीर. त्यांनी ते तुकडे टोकाला टोक लावून शिवले आणि माझ्यासमोर पुन्हा एक तागा झाला, जवळजवळ १२ मीटर लांब, जसा तो विणकराकडून आला असेल तसा.

या ताग्याला तान्मोनो म्हणतात. पन्हा ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी १२-१३ मीटर, एका ताग्यात एक किमोनो. उसवून, पुन्हा तागा करून धुण्याला आराइहारी म्हणतात. धुतलेलं कापड दोन टोकांना ताणून बांधतात, खालून बांबूच्या बारीक काड्या धनुष्यासारख्या अडकवतात म्हणजे पन्हाही ताणून राहतो, आणि वरून फुनोरी नावाच्या समुद्री शेवाळाची खळ लावतात. वाळलं की पुन्हा शिवायचं. शिवताना विटलेला भाग ओबीखाली (ओबी म्हणजे कमरेचा रुंद पट्टा) किंवा आत जाईल अशी अदलाबदल करायची. आतली पट्टी बाहेर, वरचं खाली. आजीचा किमोनो आईचा होतो, आईचा हाओरी, म्हणजे वरून घालायचा अंगरखा, होतो, मग बसायच्या गादीची खोळ. युकात्याची गत तर शेवटी बाळाच्या दुपट्यावर आणि फरशीच्या फडक्यावर जायची.

म्हणून किमोनो शिवताना ध्यानात ठेवायचं ते एवढंच, की हे कुणीतरी एक दिवस उसवणार आहे. आपल्याकडे शिंपी चोळीच्या आत 'माया' सोडतो ना, बाई अंगाने भरली तर सुटावी म्हणून? किमोनोत सगळीच माया. जादा कापड कापायचं नाही, आत दुमडून ठेवायचं. पुढच्या पाळीची शिवण तिरकी असते, तिथेही कापड तिरकं कापत नाहीत, तिरकं दुमडतात. कमरेच्या आत, ओबीखाली लपेल अशा ठिकाणी, एक आडवी दुमड घालून काही सेंटिमीटर लांबी राखून ठेवतात. लहान मुलांच्या किमोनोला खांद्यावर आणि कमरेवर मोठ्या चुण्या घालतात आणि मूल वाढेल तशा सोडतात.

मशीनच्या टिपेत दोन दोरे एकमेकांना घट्ट अडकलेले असतात. ती उसवायला नखं झिजतात, रेशमावर भोकांची रांग राहते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिन्यात पाय अडकून ताण बसला तर टीप टिकते आणि कापड फाटतं. हाताचा धावदोरा आधी स्वतः तुटतो. पाच मिनिटांत तो पुन्हा घालता येतो. फाटलेलं रेशीम पूर्वीसारखं होत नाही. याच कारणासाठी रेशमाला रेशमाचा दोरा आणि सुतीला सुती. ब्लाऊजचा पॉलिएस्टर दोरा घरातला म्हणून वापरू नका, तो जुन्या रेशमाला करवतीसारखा कापतो.

पण सोवळं नको. वॉशिंग मशीनमध्ये टाकायचा सुती युकाता मशीनवर शिवलात तर आभाळ कोसळत नाही. बाजारातले तयार युकाते बहुतेक तसेच असतात, आणि माझ्या मुलीचा पहिला युकाता मी उत्सवाच्या आदल्या रात्री मशीनवरच मारला होता. सेन्सेईंनी तो पाहिला, उलटून आतली बाजू पाहिली आणि चहा ओतायला उठून गेल्या.

आता आजींचे तीन किमोनो. नवा शिवण्याआधी यांच्यावर हात बसवा. माप एकच बघा: युकी, म्हणजे मानेच्या मणक्यापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंतची लांबी, हात तिरका खाली धरून. जुन्या पिढीचे किमोनो युकीला ६०-६२ सेंटिमीटर निघतात, तुम्हाला कदाचित ६५-६६ लागेल. उंची दोन-चार सेंटिमीटर कमी असेल तर कमरेची दुमड लहान घालून निभतं, बाही आखूड असेल तर मनगट उघडं पडतं आणि नजर तिथेच जाते. बाही अंगाला जोडलेली आहे तिथे शिवण चिमटीत धरून आत किती माया आहे ते चाचपा. बाहीच्या आणि अंगाच्या बाजूला मिळून तीन-चार सेंटिमीटर तरी लागतेच लागते. बाहीच्या बाजूने सोडवणं सोपं. अंगाच्या बाजूने सोडवलंत तर काखेखालची बाजूशिवणही थोडी सरकवावी लागते, ते पहिल्या खेपेला नको. सोडवल्यावर जुन्या दुमडीची रेघ दिसेल. ओलसर फडकं ठेवून इस्त्री केली तर चुणी जाते. रंगच विटला असेल तर ती रेघ राहणार. राहू दे.

त्याआधी कापडात जीव आहे का ते पाहा. पाठीच्या शिवणीजवळ दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकाच ताण द्या. कागदासारखा 'चर्र' आवाज आला तर तो नेसायचा नाही, पिशव्यांचा.

नवा शिवायला घ्याल तो सुती घ्या, एकेरी, बिनअस्तराचा, आणि उभ्या पट्ट्यांचा. पट्टी ही तुमची आखीव रेघ. टाका वाकडा गेला की लगेच दिसतो. तुमच्या शेजारच्या मिए प्रांतात 'इसे' आणि 'मात्सुसाका' या नावांचं असं सुती कापड अजून विणलं जातं. नागोयातलंच आरिमात्सु बांधणीसाठी प्रसिद्ध आहे, १६०८ पासून तिथे हे काम चालतं, जाऊन बघाच. पण ते कापड पहिल्या शिवणीला नको, एकेक ठिपका कुणीतरी हाताने बांधलेला असतो आणि किंमतही तशीच. स्वस्तात जुनं हवं असेल तर ओसु कान्नोन देवळात दर महिन्याच्या १८ आणि २८ तारखेला जुना बाजार भरतो. सकाळी लवकर जा.

पट्ट्यांवरून आठवलं. जपानीत पट्ट्यांना 'शिमा' म्हणतात, आणि तो शब्द बेट या अर्थाच्या 'शिमा'वरूनच आला असं मानतात: दक्षिणेच्या बेटांकडून, म्हणजे समुद्रावरून आलेलं कापड. पोर्तुगीज जहाजांतून आपल्याकडचं कापडही इथे यायचं. त्यातलं एक पातळ पट्ट्यांचं रेशीम 'चाउ-जिमा' म्हणून ओळखलं जायचं. हे चाउ म्हणजे आपलं चौल, रेवदंड्याशेजारचं. १६८०च्या दशकात क्योतोच्या विणकरांनी ते स्वतः विणायला घेतलं, आणि त्याचे मुख्यतः हाकामा, म्हणजे किमोनोवरून नेसायचे चुण्यांचे घेरदार पायघोळ, शिवले जात. माझं माहेर अलिबागचं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या दिवसाचं शिवण बाजूला ठेवून आईला फोन लावला होता.

कापड आणलंत की आधी पाण्यातून काढा. ब्लाऊजच्या अस्तराला आणि साडीच्या फॉलला आपण करतो तेच. मी पहिल्या वेळी आळस केला. पहिल्या धुण्यात किमोनो चार सेंटिमीटर आटला, कमरेची दुमड, जिला ओहाशोरी म्हणतात, ती ओबीच्या आत गडप झाली, आणि तो किमोनो आता फक्त घरात पुसापुशीच्या दिवशी निघतो. रात्रभर भिजवा, न पिळता निथळत टाका, किंचित ओलसर असताना उभ्या धाग्याला सरळ ठेवून इस्त्री करा.

मापं सेंटिमीटरमध्ये घेतलीत तरी चालतं, पण जुनी पुस्तकं आणि म्हाताऱ्या शिक्षिका कुजिराजाकुत बोलतात. ही देवमाशाच्या नावाची पट्टी, एक शाकु ३७.९ सेंटिमीटर, त्याचे दहा सुन. सुताराचा शाकु वेगळा, ३०.३ चा, दुकानात पट्टी घेताना बघून घ्या. १९५९ पासून व्यवहारात मेट्रिक सक्तीचं झालं तेव्हा या पट्ट्या विकणंही बेकायदा ठरलं होतं. पुढे १९७०च्या दशकात एइ रोकुसुके या रेडिओवरच्या लोकप्रिय माणसाने कारागिरांच्या बाजूने यावर जाहीर रान उठवलं. सुनमध्ये मापं लक्षात राहतात हे मात्र खरं: बाहीची खोली एक शाकु तीन सुन, म्हणजे ४९ सेंटिमीटर, आणि पुढच्या पाळीची रुंदी चार सुन. आजींच्या किमोनोंची बाही याहून खोल असेल तर आतला नागाजुबानही, म्हणजे किमोनोखाली नेसायचा लांब झगाही, तेवढ्याच बाहीचा लागेल, नाहीतर दोन बाह्या एकमेकींत गुंततात.

आता टाका. धावदोरा आपल्याला नवा नाही. माझ्या आजीच्या गोधड्या बघत मी वाढले, म्हणून मला वाटलं हे तर येतंच. आलं नाही. गोधडीत कापड मांडीवर स्थिर असतं, सुई खाली-वर जाते, चार टाके भरले की दोरा खेचून घट्ट करायचा. इथे उलटं. सुई जवळजवळ हलतच नाही, कापड हलतं. मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये कातड्याचं कडं घालायचं. आपलं अंगुस्तान बोटाच्या टोकावर टोपीसारखं बसतं, हे तसं नाही. सुई आखूड, तिचं नेढं त्या कड्याला टेकवायचं, टोक अंगठा आणि तर्जनीत धरायचं, इतकं जवळ की नखाच्या पुढे सुईचं टोक दिसेल न दिसेल. डावा हात सुमारे १५ सेंटिमीटरवर कापड ताणून. मग उजवा हात वर तर डावा खाली, डावा वर तर उजवा खाली, आणि कडं मागून सुईला रेटत राहतं. कापड सुईवर चुणीचुणीने चढत जातं. सुई बाहेर काढायचीच नाही, ती कापडातून पोहत जाते. याला उनशिन म्हणतात. टाका तीन-चार मिलिमीटरचा.

सेन्सेईंनी मला तीन आठवडे पांढऱ्या मांजरपाटासारख्या कापडावर लाल दोऱ्याने एवढंच करायला लावलं. लाल अशासाठी की चूक लपू नये. पहिले दिवस दंड भरून येतात आणि टाके मुंग्यांच्या रांगेसारखे भरकटतात. साधारण दहाव्या दिवशी हाताला ठेका सापडतो.

आणि दोरा खेचायचा नाही. मी गोधडीच्या सवयीने शेवटी एक हिसका द्यायचे आणि सगळी शिवण गोळा व्हायची. त्यावर उपाय इतोकोकी: वीसेक सेंटिमीटर शिवून झालं की एका हाताने शिवणीचं सुरुवातीचं टोक धरायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत शिवण दाबून, शिवत आलो त्या दिशेने सावकाश निपटत न्यायची, शेंगेतले दाणे सरकवावेत तशी. दोरा कापडात सैल होऊन बसतो. हे केल्याशिवाय पुढे जायचं नाही. कपाळावर लिहून ठेवा.

शिवण झाली की इस्त्री, पण शिवण फाकवून नाही. ब्लाऊजवाल्यांचा हात इथेच चुकतो. दोन्ही पदर एकाच बाजूला, आणि दुमड अगदी टाक्यावर न घालता टाक्याच्या दोनेक मिलिमीटर पुढे घालायची. याला किसे म्हणतात. उजव्या बाजूने टाका दिसतच नाही, नुसती एक बारीक कड दिसते, आणि ताण आला तर त्या दोन मिलिमीटरांत तो जिरतो. कडेची माया आणि तळाची दुमड बसवायला कुके नावाचा लपता टाका आहे. साडीला हाताने फॉल लावला असेल तर तो तुम्हाला येतोच: दुमडीच्या आतून सुई पळवायची आणि बाहेर टिंबाएवढाच टाका घ्यायचा.

क्रम साधा आहे. बाह्या आधी, कारण चुकल्या तरी लहान चुकतात. मग पाठ, बाजू, पुढच्या पाळ्या, तळ, गळपट्टी, आणि बाह्या सगळ्यात शेवटी जोडायच्या. पाठीची शिवण एकेरी किमोनोत दोनदा घाला आणि बुडाशी आतून एक आधाराचं कापड लावा. जमिनीवर बसणाऱ्या बाईचा किमोनो तिथेच आधी उसवतो. गळपट्टीला मात्र दोन दिवस राखून ठेवा. मानेमागे ती नीट बसवायलाच वेळ जातो, आणि चिरेच्या टोकाशी कापड मायेला अक्षरशः अर्धं बोटही नसतं. मी अजूनही तिथे कच्ची टीप दोनदा घालते.

नेसण्याबद्दल थोडक्यात, कारण ते करूनच येतं. डावी बाजू उजवीवर, नेहमी, बाई असो वा पुरुष. उजवी डावीवर फक्त मृतदेहाला. हा नियम ७१९ सालच्या फर्मानापासूनचा आहे, आणि यात चुकलात तर रस्त्यातली अनोळखी बाईसुद्धा थांबवून सांगेल, तिने सांगावंच. रोजसाठी मोठा ओबी नको. हानहाबा म्हणजे अर्ध्या पन्ह्याचा ओबी, १५-१७ सेंटिमीटर रुंद, पाच मिनिटांत होतो आणि पाठ टेकून बसता येतं. नागाजुबानच्या गळ्याला जी वेगळी पट्टी टाचतात ती हानएरी. मळते ती तीच, म्हणून दोन-तीन आलटून-पालटून ठेवा. ती रविवारी रात्री टाचायची, शाळेच्या दप्तरासारखं. स्वयंपाकाला कप्पोगी, म्हणजे बाह्यांसकट सगळं झाकणारा पांढरा अॅप्रन. नाहीतर बाह्या मागे बांधायला तासुकीची दोरी. फोडणीसमोर बाही मोकळी सोडून उभं राहू नका. सायकल मी चालवत नाही. शौचालयात एकेक पदर वेगळा उचलून ओबीत खोचायचा, नऊवारी नेसणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही.

ऋतूंचे नियम तुम्हाला लोक ऐकवतील: ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबरला एकेरी, जुलै-ऑगस्टला झिरझिरीत. समारंभाला पाळा. रोजसाठी नागोयाच्या मे महिन्यात अस्तराचा नेसून घामाघूम होण्यात काही पुण्य नाही, मी एप्रिलअखेरीसच एकेरी काढते.

लोक काय म्हणतील, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असेल. काही बायका न विचारता मागून तुमचा ओबी सारखा करतील. त्यांना इथे गमतीने 'किमोनो पोलीस' म्हणतात, तरुण मुली त्यांना घाबरून किमोनोच सोडतात. मला पहिली दोन वर्षं राग यायचा. मग एकदा बसथांब्यावर एका आजीने माझी बाही उलटून आतला टाका पाहिला, स्वतःच शिवलात का विचारलं, आणि बस येईपर्यंत तिच्या आईची गोष्ट सांगत राहिली. तुम्ही भारतीय आहात म्हणून कुणी नाक मुरडेल ही भीती धरू नका, निदान मला तसा अनुभव नाही. ज्या आजींनी तीन किमोनो दिले त्यांच्यासमोर एक नेसून जा. आणि युकी वाढवताना कुठे अडलात तर आधी त्यांनाच विचारा. त्या पिढीतल्या बऱ्याच जणी लग्नाआधी शिवण शिकलेल्या असतात.

सुया मोडतील, वाकतील. त्या कचऱ्यात टाकू नका, काड्यापेटीत साठवा. वर्षातून एकदा त्यांचं हारी-कुयो होतं, सुयांचं श्राद्ध म्हणा हवं तर. तोक्योत ८ फेब्रुवारीला, क्योतोत आराशियामाच्या होरिन-जी देवळात ८ डिसेंबरलाही. वर्षभर जाड कापडाशी झगडलेल्या सुयांना शेवटी मऊ जागा मिळावी म्हणून त्या कोन्न्याकुच्या (एका कंदाच्या लिबलिबीत) किंवा तोफूच्या वडीत खोचतात. यंदा माझ्या पेटीत सात आहेत, त्यातल्या पाच गळपट्टीवर मोडलेल्या.